क्लच नसलेली गाडी आणि चाचांचा डावा पाय

“घाट उतरून दाखवा. ब्रेक तापले, तर उद्यापासून तुमच्या हाती गाडी नाही,” मॅनेजरसाहेब अकबरचाचांना म्हणाले.

यवतमाळच्या एका बियाणे डेपोत चाचा आणि मी पिकअप चालवतो. ड्रायव्हर संघटनेची पत्रकंही मीच लिहितो. सत्तावीस वर्षं क्लच दाबून चाचांचा डावा गुडघा गेला. ज्या कंपनीसाठी तो झिजला, तीच आता त्यांना ‘अनफिट’ ठरवत होती. डेपोत एक ऑटोमॅटिक डिझेल पिकअप होती, साहेबांच्या दिमतीला. तिला क्लचच नाही. मी पत्रक काढलं : ती गाडी चाचांना द्या. गिअरचा लिव्हर ‘डी’वर, म्हणजे ड्राइव्हवर टाका, गाडी सगळं स्वतः करते.

म्हणून ही परीक्षा. मागे बियाण्याची पोती, शेजारी साहेब, मागच्या सीटवर मी.

गेटपाशीच फजिती झाली. चाचांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. साहेबांचा चष्मा उडाला.

“हे घाट उतरणार?” साहेबांनी मला विचारलं.

चाचांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डावी मांडी सीटला बांधली. “जुना दोस्त हाय साहेब. बांधल्याबिगर आयकत नाही.”

पुसद रस्त्यावरचा घाट लागला. उतारावर ‘डी’मधल्या गाडीनं वरचा गिअर घेतला. वेग वाढत चालला.

“चाचा, ब्रेक मारा नं!” मी मागून ओरडलो.

“कायले?”

त्यांनी लिव्हर बाजूच्या खाचेत सरकवला आणि दोनदा मागे ओढला. तिथे गिअर हातानं बदलता येतो. इंजिन घुमलं, गाडी दबकली. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना धरून ठेवतं, ब्रेकला फारसं काम उरत नाही. चाचांनी काच खाली केली होती. वेगाच्या काट्याकडे ते बघतच नव्हते. प्रत्येक वळणाआधी इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि हात आपोआप लिव्हरवर जायचा. मीही सहा वर्षं हाच घाट उतरतोय. त्या दिवशी नुसता बघत बसलो.

खाली साहेबांनी चाकाजवळ हात नेला. बराच वेळ तिथेच ठेवला.

“किल्ली तुमच्याकडेच राहू द्या,” ते म्हणाले.

दुपट्टा सोडता सोडता चाचा माझ्याकडे वळले. “बेटा, गाडी सारं सोताच करते म्हणून लिवलं ना तू? ते खोड.”

खोडलं. मागणी तशीच ठेवली. पत्रक छापण्याआधी चाचांना एकदा वाचून दाखवायला हवं होतं, एवढंच.