कवठे महांकाळच्या रानात उतरलेलं विमान

कराडच्या धावपट्टीवरून आम्ही सकाळी निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून मंजिरी. ती विमान चालवायला शिकवते. तिच्या शेजारी बसायची माझी ही पहिलीच वेळ. खाली कृष्णा-कोयनेचा संगम दिसला, मग उसाचा हिरवा पट्टा, तासगावकडच्या द्राक्षबागा. पुढे हिरवं विरत गेलं आणि तांबूस माळ लागला.

कवठे महांकाळ जवळ आलं आणि इंजिन थरथरलं. दोन आचके देऊन बंदच पडलं. उरला फक्त वाऱ्याचा आवाज.

मंजिरीने विमानाचं नाक किंचित खाली केलं. दुसऱ्या टाकीतलं इंधन चालू करून पाहिलं, इंजिन पुन्हा सुरू करून पाहिलं. होईना, तेव्हा तिने तो नाद सोडला आणि रेडिओवर ठावठिकाणा कळवला. मी महामार्गाकडे बोट केलं.

"रस्ता सरळ आहे की गं."

"तारा आहेत आई, गाड्याही आहेत. पट्टा घट्ट करा."

बाजरी काढलेलं एक लांब रान तिने हेरलं. आम्ही त्याच्या तोंडाशी आलो, तोच बांधाआडून मेंढरं आत शिरली, मागोमाग मेंढका.

"शेजारचं घेते," ती म्हणाली. "आखूड आहे, बांधाला धडकू कदाचित. दार किलकिलं करून ठेवा, नंतर अडकायला नको."

मी डोळे मिटले. चाकं आपटली, धसकटं करकरली आणि बांधावर पुढचं चाक मोडून विमान नाकावर कललं. आम्ही उतरून लांब पळालो.

मेंढका धावत आला. "आवं, लागलं न्हाई न्हवं?" मला खरचटलं होतं, एवढंच. त्याच्या बायकोने तीन दगडांच्या चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा केला. विमान कुणी चालवलं, हे कळल्यावर तो मंजिरीकडे बघत राहिला.

"आमास्नी बघून वळलासा तुमी," तो म्हणाला. "म्या बघितलं."

तिने होकारार्थी मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.

पोलीस, तिच्या विमान प्रशिक्षण केंद्राची माणसं, पंचनामा उरकून जीपने सांगलीमार्गे परतताना दिवस कलला. बाजारपेठेत हळदीचा वास भरला होता. मंजिरी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

धैर्य म्हणजे काहीतरी घट्ट धरून ठेवणं, असं मला वाटायचं. हिने इंजिन सोडलं, रस्ता सोडला, हाताशी आलेलं रान सोडलं, शेवटी विमानाचाही मोह सोडला. माणसं तेवढी सोडली नाहीत.

घरी मुलाने विचारलं, "आई, पुन्हा बसशील?"

"हिच्याबरोबर बसेन," मी म्हणाले.