लेखकाच्या नावाची रिकामी ओळ

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये, कुणालाही आडनावानं हाक मारत नसत. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून कॅन्टीनमध्ये एकदा ताटं उडाली आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी हजेरीच्या फळ्यावरची सगळी नावं पुसून तिथं प्रत्येकाचं गाव लिहिलं. आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या बाजूचा हे लोक ठरवून मोकळे होत. गावावरून तेवढं कळत नसे. पुढं डब्यांवर, टूलबॉक्सवर, पगाराच्या पाकिटावरसुद्धा गावच आलं. मी वैजापूर, शेजारच्या टेबलावरचे लासूर, आणि खुद्द साहेब छावणी. "लासूरला वैजापूरकडं पाठवा, छावणी वाट बघतेय," असं कानावर पडलं की नव्या माणसाला आपण चुकून एसटीच्या डेपोत शिरलो असं वाटे.

आम्ही स्कूटरचे सुटे भाग तापवायच्या भट्ट्या बनवत होतो. भट्टी चालवणारा प्रोग्रॅम सी भाषेत होता आणि तो अख्खा लासूरभाऊंनी लिहिलेला. पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक भट्टी घ्यायला तयार झालं होतं. त्यांना मॅन्युअल हवं होतं, आणि ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याला ते वर्षभर आपल्या कारखान्यात नेणार होते. लासूरभाऊंना जायचं होतं. तोंडानं कबूल करत नसत, पण गुलमंडीवरून आणलेली कोरी सुटकेस महिनाभर त्यांच्या टेबलाखाली होती आणि ते दर दोन दिवसांनी तिच्यावरची धूळ पुसत.

मॅन्युअल करायचं काम माझ्याकडं आलं. गिऱ्हाइकानंच एक छोटा प्रोग्रॅम फ्लॉपीवर पाठवला होता. कोडमध्ये माणसांसाठी ज्या टिपा लिहितात, त्या वेचून तो त्यांचं पुस्तक करी. टीप आणि कोड जुळलं नाही की वॉर्निंग देई. साहेब म्हणाले, "एकही वॉर्निंग नको." मी पहिल्यांदा चालवला तर वॉर्निंगांचा कागद प्रिंटरमधून निघून माझ्या चपलांपर्यंत पोचला.

लासूरभाऊ कोड बदलत भट्टीपाशी उभं राहून, घाम पुसत. टीप बदलायचं राहून जाई. टिपेत 'मिनिटं' असत, कोडमध्ये त्यांचे सेकंद होऊन वर्ष झालेलं असे. जुनी ओळ खोडणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते तिला टिपेच्या खुणांमध्ये कोंडून ठेवत. आमच्या मशीनला ते चाले; पण त्या ओळींत आधीच एक टीप असली की गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅमला आतल्या टिपेची शेवटची खूण बाहेरच्या टिपेचीच वाटे, आणि पुढं उरलेलं मराठी तो कोड समजून वाची. 'लई तापलं तर दार उघडू नको, मागच्या टायमाला मिशी जळाली' हे इंग्रजी अक्षरांतलं वाक्य सी भाषेत कुठं बसत नाही, असं तो मला तीन ओळींत सांगे. माझ्या नाकी नऊ आले.

"ही मिशी काढू का, लासूरभाऊ?"

"काढ की. मी बी काढलीच व्हती."

आठवडाभरात बाकी सगळं जुळवलं. एकच वॉर्निंग उरली, पण ती एकतीसच्या एकतीस फायलींना: लेखकाचं नाव नाही. ती ओळ त्यांनी सगळीकडं रिकामी सोडली होती.

"काय लिहू?"

"ऱ्हाऊ दे रिकामी. त्यास्नी आधी काम वाचू दे," ते म्हणाले. "नाव वाचलं की लोक काम वाचत नायती."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते नीट कळलंच नव्हतं. माझं आडनाव तालुक्यात कुठंही सांगितलं की लोक खुर्ची पुढं करत. नाव लिहायला विचार करावा लागतो, हे मला कोण शिकवणार? गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. शुक्रवारी संध्याकाळी, वॉर्निंग जाते का ते नुसतं बघावं म्हणून, मी एका कमांडनं सगळ्या फायलींत माझं नाव घातलं. एकही वॉर्निंग आली नाही. इतका आनंद झाला की मी तसंच छापायला लावलं आणि पेढे आणायला गेले. नाव काढायचं साफ विसरले.

शनिवारी पुण्याच्या पाहुण्यांनी भट्टीपाशी उभं राहून मॅन्युअल चाळलं. "उत्तम काम. या बाई कोण?" त्यांनी पानावरचं नाव मोठ्यानं वाचलं. लासूरभाऊ भट्टीच्या दारापाशी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग खाली, आपल्या बुटांकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी फक्त वॉर्निंगा काढल्या," मी म्हणाले. "लिहिलंय सगळं यांनी."

"असं? मग यांचं नाव?"

दोन वर्षं शेजारी बसून ज्यांच्या डब्यातला ठेचा खाल्ला, त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. आडनावं टाळायला आम्ही गावं लावली होती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. आजही आठवलं की लाज वाटते.

लासूरभाऊ पुढं आले आणि भट्टीच्या घरघरीतही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव. पाहुण्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि जरा थांबले. ते थांबणं शेडमधल्या सगळ्यांना ओळखीचं होतं. मग त्यांनी विचारलं, "वीज गेली तर आतला माल वाचतो कसा?" लासूरभाऊ सांगायला लागले ते चहा गार होईपर्यंत. पाहुण्यांनी नाव पूर्ण लिहून घेतलं आणि म्हणाले, "एक तारखेला या."

दुपारी मी पहिली फाईल उघडली, माझं नाव खोडलं आणि त्यांचं टाईप केलं. मग दुसरी उघडली. सुटकेसवर पाय ठेवून ते शेजारी बसले होते आणि मला एकेक अक्षर सांगत होते. दहाव्या फाईलला त्यांना राहवलं नाही.

"वैजापूर, कमांड इसरली का काय?"

"व्हय," मी म्हणाले आणि अकरावी उघडली.