देवाच्या बोकडाला दावं

कासार आंबोलीत गावदेवाला सोडलेला एक बोकड होता. त्याला मालक नव्हता, म्हणून सगळं गावच त्याचं घर. सकाळी एखाद्याच्या गोठ्यात, दुपारी बंगलेवाल्यांच्या हिरवळीवर, संध्याकाळी भलत्याच शेळ्यांत. लोक मागून शिव्या घालायचे आणि समोर आला की हात जोडायचे. त्याला दावं लावायची मात्र कुणाची छाती नव्हती.

अशात शेळ्यांची बुळकांडी आली. डॉक्टर तिला पीपीआर म्हणतात. ताप, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण. धडधाकट शेळी बघता बघता आडवी व्हायची. चंद्राबाईच्या जिवाला घोर लागला. नवरा गेल्यावर तिनं एकेका करडापासून शेळ्या वाढवल्या होत्या, आणि त्यांतली लाडकी आता गाभण होती.

गुरांच्या दवाखान्यातल्या अपेक्षा डॉक्टर बर्फाच्या डब्यातून लस घेऊन आल्या. निरोगी शेळ्यांना टोचून त्यांनी बजावलं, "लस लागू व्हायला थोडे दिवस जातात. तोवर एकाचं जनावर दुसऱ्याच्या दारात जाता कामा नये."

तेवढ्यात देवाचा बोकड शिंकत समोरून गेला. नाक शेंबडानं भरलेलं.

"हा कुणाचा? याला आधी लांब बांधा!"

गुरव हैबतराव म्हणाले, "डाक्टरीणबाई, देवाचं जनावर हाय ते. दावं लावलं तर गावाचं वाटोळं व्हईल."

"आन् न्हाई लावलं तर?" चंद्राबाई बोलून गेली.

बोकड तर तिच्याच गोठ्याकडं वळला होता. ती धावत घरात गेली आणि दावं घेऊन आली. "देवा, चूक माजी. काय करायचं ते मला कर, शेरडांकडं बघू नको," म्हणत ती पुढं झाली. भल्याभल्यांना शिंगावर घेणारा तो बोकड मान खाली घालून उभा राहिला. गळ्यात दावं पडेपर्यंत हलला नाही. चंद्राबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेताकडेच्या रिकाम्या खोपीत तिनं त्याला ठेवलं आणि आपल्या हातापायांवरून रोग घरी जाऊ नये म्हणून स्वतःही तिथंच राहिली. आपल्या शेळ्या तिनं जावेवर, आशालतावर सोपवल्या. ती बोकडाचं नाक पुसायची, तोंड धुवायची, पेज पाजायची. रोज सकाळी बांधावरून हाक मारायची, "आशा, खाल्लं का गं त्यांनी?"

"खाल्लं, जाऊबाई! गाभणीनं बी खाल्लं!"

हळूहळू गावात आणखी कुणाची शेळी आजारी पडल्याची बातमी येईनाशी झाली. डोळ्याला न दिसणारा एवढा मोठा रोग, आणि बर्फातल्या थेंबभर औषधापुढं, एका दाव्यापुढं थबकला! तिला हे खरंच वाटेना.

बोकड मात्र वाचला नाही. चंद्राबाई त्याच्याशेजारी सुन्न बसली. देव आता सोडणार नाही, आणि गावही नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं.

हैबतराव कुदळ आणि चुन्याची गोणी घेऊन आले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी स्वतः खोल खड्डा खणला. बोकडाला मूठमाती दिली, चुना पसरला. मग डोक्यावरची टोपी काढून ते तिच्यासमोर उभे राहिले.

"वैनी, तुमी देवाला बांधलं न्हाई," ते म्हणाले. "आपल्यासाठी त्यानंच बांधून घेतलं."

तेव्हा कुठं चंद्राबाईला रडू फुटलं.