रोज सकाळी नापास होणारी टेस्ट

सुधीर गेला त्या सकाळीही भोंगा वाजला.

मिल बंद होऊन वर्षं लोटली होती. वाजला तो मल्हारगंजातल्या त्याच्या घरी, कॉम्प्युटरमधून.

आज त्याची पुण्यतिथी.

सुधीर माझा शाळेतला बाकसोबती. त्याचे वडील, नाना, मिलमध्ये विणकर. लहानपणी मिलचा भोंगा मला कवितेच्या ध्रुवपदासारखा वाटायचा. सगळी गल्ली त्यावर जागी व्हायची.

मिलला कुलूप लागलं आणि नाना खाटेवरून उठेचनात. अंघोळ नाही, बोलणं नाही.

सुधीर घरून सॉफ्टवेअर टेस्ट करायचा. खोलीभर जुने-नवे कॉम्प्युटर, प्रत्येकावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. एकच प्रोग्राम सगळ्यांवर आपोआप तपासला जायचा.

"म्हणजे नेमकं काय रे?" मी विचारलं.

"बाई कविता म्हणवून घ्यायच्या ना, तसं. कविता एकच, पोरं वेगळी. कोण कुठे अटकतो ते बघायचं. तू डोळे मिटून म्हणायचास. मी दुसऱ्या कडव्यातच अटकायचो!"

कुठलं मशीन अटकलं की कळावं, म्हणून त्याने गमतीत मिलच्या भोंग्याचा आवाज लावला.

पहिल्यांदा वाजला, आणि नाना उठले.

सदरा चढवला. चपला शोधू लागले. "डबा भरला का?"

"नाना, शिफ्ट नाहीये, प्रोग्राममधला बग आहे बग!" सुधीर हसला.

नाना परत आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून.

सुधीरचं हसू तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात जुन्या मशीनवरची एक टेस्ट तो मुद्दाम बिघडवून ठेवायचा. रोज सकाळी ती नापास. भोंगा. नाना उठायचे, अंघोळ करायचे, ओट्यावर बसून डबा खायचे.

कंपनीतून फोन. "सुधीरजी, ये वाला रोज फेल क्यों होता है?"

मी म्हटलं, "भिया, ठीक कर ती टेस्ट. काम जाईल तुझं."

"ठीक केली तर नाना जातील."

काम गेलं. मशीन त्याने चालूच ठेवलं.

मग एका रात्री, झोपेतच, सुधीरला हार्ट अटॅक.

सकाळी त्याला पुढच्या खोलीत खाली ठेवलेलं. माणसं जमलेली. मशीन बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

भोंगा वाजला.

नाना सदरा घालून बाहेर आले. वाकले. त्याचा खांदा हलवला.

"सुध्या, ऊठ बेटा. भोंगा झाला."

मी मशीनकडे धावलो. वहिनींनी हात धरला. "राहू द्या भाऊजी. नाना आहेत तोवर वाजू दे."

सुध्या, दुसऱ्याच कडव्यात थांबलास रे.

पुढचं मला पाठ आहे. म्हणवत नाही.

नमस्कार, मित्रा.