गाडीखालचं पाणी

धर्मपालने सोळा वर्षं जुन्या पिकअपला एसी बसवला, तेव्हा स्टँडवरचे ड्रायव्हर हसले. पण थंडावा त्याला स्वतःसाठी नको होता. यवतमाळहून तो शेतकऱ्यांकडे रेशमाच्या लहान अळ्या पोचवायचा. गेल्या उन्हाळ्यात महागावच्या नानाजींच्या साऱ्या अळ्या वाटेतच मेल्या. "औंदा मेल्या तर दुसऱ्याची गाडी पाह्यतो," असं नानाजींनी बजावलं होतं.

आता अळ्यांचे ट्रे केबिनमध्ये त्याच्या शेजारीच होते. अर्ध्या वाटेत तो चहाला थांबला, तर गाडीखाली पाणी टपकत होतं. रेडिएटर फुटला की काय? त्याने बोट लावलं, तर पाणी थंडगार. त्याने एसी बसवणाऱ्या अश्वजितला फोन लावला.

"अबे, हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

"हवेतलं हाय, काका. एसी हवेतली ओल काढून खाली टाकते."

"माह्या केबिनातली?"

"मंग काय शेजारच्या गाडीतली?"

धर्मपालने घाईघाईने ट्रेवरचं फडकं उचललं. अळ्या हलत होत्या, पण तुतीची पानं वाळायला लागली होती. त्याने पिण्याच्या कॅनमधलं पाणी ओतून फडकं भिजवलं, आणि पुढे दोनदा थांबून पुन्हा भिजवलं.

महागावला नानाजींनी फडकं उचललं. अळ्या माना वर करून पान शोधत होत्या.

"हायत बाप्पा जित्या! आन् ह्या डब्यात काय आणलं?"

"हवेतलं पाणी," गाडीखाली ठेवून भरलेला डबा पुढे करत धर्मपाल म्हणाला. "बोट तं घालून पाहा, नानाजी."