आबांनी फोनवरून दिलेली हाक

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि खोटं कशाला बोलू, निम्म्यांना हसते. बाभळीखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारी बाई… आमच्या भागात असल्या गोष्टींना तोटा नाही. पण मी लहानपणापासून ‘मग तिचे पाय कुणी बघितले?’ असं विचारून सांगणाऱ्याचा विरस करणारी. पुढे पशुसंवर्धनात एमएस्सी केलं, आता एका कॉलेजात शिकवते. त्यामुळे हे कुणाला पटवून द्यायला मी आलेले नाही. मलाच पटलेलं नाही. फक्त जसं घडलं तसं लिहिते.

आम्ही अवसरी बुद्रुकचे, धनगर. आजोबांच्या काळात कळप घेऊन पार कोकणात उतरायचे. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात ते फिरणं मंचर, निरगुडसर, फार तर येडगावच्या धरणापर्यंत आलं होतं. थोडी जमीन होती, ती थोरला भाऊ किसन बघायचा. आबा मात्र मेंढरांतच. कांदा निघाला की शेतकरी त्यांना बोलावून न्यायचे, खतासाठी वावरात मेंढरं बसवायला. आबांची हाक त्या पट्ट्यात सगळ्यांच्या ओळखीची होती. ‘हेऽऽऽ हुर्र हुर्र हो…’ आणि शेवटी जिभेने दोनदा टक-टक. बांधापलीकडून आली तरी कळप मान वर करून वळायचा.

आमच्यात प्रत्येक मेंढक्याची हाक त्याची स्वतःची असते. मुलगासुद्धा बापाची घेत नाही, स्वतःचा कळप झाला की स्वतःची काढतो. आणि दुसऱ्याच्या कळपाला आपली हाक घालायची नाही. घातली, तर ती मेंढरं कायमची आपल्या गळ्यात पडली असं जुनी माणसं धरतात. मला तो साधा शिष्टाचार वाटायचा, शेजाऱ्याच्या ताटात हात घालू नये तसा.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. माझ्या एमएस्सीला मेंढी आणि लोकर हा विषय हवा होता, पण आमच्या विद्यापीठात तो शिकवणारे सर निवृत्त झालेले. गाइडने मार्ग काढला. कर्नाटकातल्या एका विद्यापीठात एक सेमिस्टर जाऊन तेवढा कोर्स करायचा, तिथले क्रेडिट इकडच्या डिग्रीत धरले जाणार. घरात आधी कुणाला हे कळेचना. आई म्हणाली, “मेंढरं शिकाया येवढ्या लांब? घरात काय कमी हायेत?”

आबांना मात्र कोण आनंद. पारावर कुणी विचारलं की सांगायचे, “तिकडची मेंढरं इंग्लिशमधनं ब्या करत्यात, राव. ते शिकाया गेलीय पोर आमची.” मला सोडायला मंचरच्या स्टँडवर आले, तेव्हा कंडक्टरलाही हेच ऐकवलं.

तिकडे माझी रूममेट होती गिरिजा, तिथलीच मुलगी. तिची दख्खनी हिंदी नि माझी मराठी वळणाची हिंदी, यात आमचं छान जमलं. रोज संध्याकाळी विद्यापीठाच्या फार्मवर आमचं प्रॅक्टिकल असे. मोठं तारेचं कुंपण, आत कळप, कोपऱ्यात कुंपणाबाहेर एक चिंचेचं झाड. कळप शांत, पण शिकवल्याशिवाय काही न करणारा. शिट्टी वाजली की शेडमध्ये, घंटा झाली की गव्हाणीपाशी. मला उगाच त्यांची कीव यायची.

एका संध्याकाळी मी त्या चिंचेखाली उभी असताना गिरिजाच्या मोबाइलवर किसनचा फोन आला. त्याने नुकताच मोबाइल घेतला होता आणि आबांजवळ निरगुडसरच्या वावरात उभा होता. आबा बोलायला आले. मेंढरांचं ओरडणं त्यांना ऐकू गेलं असावं.

“ही तुझी कालेजातली का गं?”

“हो.”

“फोन धर त्यांच्याम्होरं. बघू माझी हाक कळती का त्यांना.”

मागून किसन हसला. मीही हसत स्पीकर चालू केला आणि फोन तारेवरून आत धरला. आबांनी हाक दिली. पूर्ण, वावरात देतात तशी, जिभेच्या टक-टकसकट. फोनमधून ती चिरकीच आली, पण अख्ख्या कळपाने चरणं थांबवून माना वर केल्या. मग सगळी मेंढरं एकदम वळून कुंपणापाशी, माझ्या हाताखाली येऊन उभी राहिली. गिरिजा टाळ्या पिटायला लागली. मी म्हटलं, “आबा, आली की सगळी.”

“मग! हाक कुनाची हाये?” आबा म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनचा फोन. “आबांचा आवाज गेलाय. सकाळधरनं शब्द न्हाई. मंचरला दाखवलंय, घाबरू नको.” मला वाटलं घसा बसला असेल. थंडीचे दिवस, उघड्यावरचं राहणं. मी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. दुसरं काय सुचणार.

त्याच संध्याकाळी मी फार्मवर होते. आम्ही पाच-सहा मुलं लोकरीचे नमुने घेत होतो. आणि हाक आली.

चिंचेच्या बाजूने. फोनमधल्यासारखी चिरकी नाही, तर स्वच्छ, छातीतून दिलेली, बांधापलीकडून यायची तशी. माझ्या हातातली कात्री खाली पडली. मेंढरं आमच्या हातांतून सुटून त्या कोपऱ्याकडे पळाली आणि तारेला छाती लावून उभी राहिली. मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त गिरिजा मेंढरांकडे बघत म्हणाली, “कौन बुलाया रे इनको?”

“तुला ऐकू आलं?”

“क्या?”

मी झाडामागे जाऊन आले. तिथे नुसती नांगरलेली जमीन आणि लांब रस्ता. माणूस नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी फार्मवर गेलेच नाही. खोलीत डोक्यावर उशी घेऊन पडले आणि मग रडत बॅग भरली.

घरी आले तर आबा अंगणात बाजेवर बसलेले. मला बघून हसले. तोंड हसलं, खांदे हलले, पण आवाज नाही. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे घशात दुर्बीण घातली, डोक्याचा फोटो काढला. सगळं जागच्या जागी. पुण्याचे डॉक्टर त्यांना खोकायला लावत होते आणि बुचकळ्यात पडत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मनाच्या धक्क्याने वाचा गेली, तरी खोकल्याला आवाज यायला हवा हो. यांच्या खोकल्यालाही नाही.” मी त्यांना फोनची गोष्ट सांगितली नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? मी शिकलेली मुलगी.

आईला सांगितली. ती भाकरी थापत होती, थांबली.

“लोकाच्या कळपाला हाक घातली त्यांनी?”

“गंमत केली गं.”

“गंमत मेंढरांना कळती का?” ती म्हणाली. “त्यांना वाटलं आपला धनी आला. आता ती सोडत्यात व्हय?” मग परत थापायला लागली, पण भाकरी तव्यावरच करपली आणि तिच्या ते लक्षात आलं नाही. मला आईचा राग आला. उपाय विचारला तर तिलाही माहीत नव्हता. असं पूर्वी कुणी केलेलंच नव्हतं, तर उपाय कुठून असणार?

इकडे कळपाचे हाल सुरू झाले. किसनच्या हाकेला मेंढरं ढिम्म हलेनात. आबा पुढे होऊन तोंड उघडायचे, मान ताणायचे, गळ्याच्या शिरा फुगायच्या… मेंढरं त्यांच्याकडे बघत उभी. एकदा निम्मी लोकांच्या गव्हात शिरली. आबा मागे धावले, पडले, आणि मेंढरं चरतच राहिली. किसनने त्यांना उचलून आणलं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. कळप विकायची भाषा घरात पहिल्यांदा झाली ती त्या संध्याकाळी, आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मान हलवता येत होती, ती त्यांनी हलवली नाही.

मला तिकडे परत जाणं भाग होतं. कोर्स सोडला तर डिग्रीचं वर्ष जाणार. आबा हातानेच ‘जा जा’ करत होते. मग मनात आलं, यांनाच सोबत न्यावं. घरी सांगितलं, तिकडे मोठं हॉस्पिटल आहे. पण मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. हाक जिथे राहिलीय तिथे त्यांना उभं करायचं. वस्तू विसरली की माणूस परत जाऊन घेऊन येतो ना, इतकं सोपं माझं गणित. सगळं विज्ञान मी गुंडाळून ठेवलं होतं.

तिकडे पोचलो त्या संध्याकाळी आम्ही दोघं फार्मवरच्या चिंचेखाली उभे राहिलो. आबांनी आधी गव्हाण बघितली, मग तारेवरून वाकून एका मेंढीचा कान, मग जबडा. सवयच ती. ऊन उतरलं आणि हाक आली. आमच्या अगदी मागून. इतक्या जवळून की शेवटची टक-टक माझ्या कानाशी झाली.

मी आबांकडे बघितलं. त्यांना ऐकू आलेली नव्हती.

पण मेंढरं वळलेली त्यांनी बघितली. जन्म त्यात गेलेला, कुणी बोलावल्याशिवाय कळप असा वळत नाही हे त्यांना कळत होतं. ते इकडे तिकडे बघायला लागले. कानामागे पंजा धरला. मग माझ्याकडे वळून हाताने विचारलं, कोण हाक देतंय? कुठंय तो?

मेंढरं येऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली होती. त्यांच्याकडेच बघत होती. मी काय सांगणार होते? म्हटलं, “इथला मेंढका आहे, आबा. तिकडे लांब आहे.”

त्यांनी लांबवर बघितलं. मग दोन बोटं वर करून हात हलवला. चांगला आहे, खुणेनेच म्हणाले. चांगली ऐकतात त्याचं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, चल, अशी खूण केली. मला तिथेच तारेला धरून ओरडावंसं वाटलं, पण मी त्यांच्या पाठोपाठ चालत गेले.

कोर्स पूर्ण झाला, क्रेडिट मिळाले. कळप विकला. न्यायला टेम्पो आला तेव्हा आबा घरात बसून राहिले. ते त्यानंतर काही वर्षं जगले, नातवंडं खेळवली, हसायचे तसेच, खांदे हलवून. गेले तेही चुपचाप. आई म्हणाली, शेवटी ओठ हलत व्हते, काय म्हनले ते मला न्हाई कळलं.

गिरिजा आता त्याच विद्यापीठात नोकरीला आहे. आबा गेल्यावर तिचा फोन आला, तेव्हा मी तिला सगळं पहिल्यांदा सांगितलं. ती मग म्हणाली, त्या वेळची मेंढरं केव्हाच संपली, ही त्यांच्या पिलांची पिलं. पण संध्याकाळी सगळी अजून त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात. तिथे आता चिंचही नाही. “तू आके सुन ना एक बार,” ती म्हणाली.

याला शास्त्र काय म्हणतं ते मला विचारू नका. मेंढ्यांच्या सवयींवर मी तासभर लेक्चर देऊ शकते आणि त्यात हे कुठेच बसत नाही. माझ्या आबांचा आवाज या जगात फक्त त्या एका कुंपणापाशी उरला आहे, आणि माणसांत तो ऐकू शकणारी मी एकटी. तरी मी गेलेली नाही. हाक ऐकू आली नाही तर, ही भीती आहेच. पण आली तर? ती बोलावण्याची हाक आहे. मेंढरं निदान तारेपर्यंत तरी जातात. मी कुठे जाऊ?