लाखेची तबकडी

नजीर शहाद्यात लाकडी सामानाला पॉलिश करायचा. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची आणि बोळ्याने खुर्च्या-कपाटांवर फिरवायची, यातच त्याचं तरुणपण सरलं होतं.

महायुद्धाच्या दिवसांत सारंगखेड्याच्या वत्सलाबाई त्याच्याकडे गाण्याची तबकडी घेऊन आल्या. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला जाऊन या तबकडीसाठी एकदाच गायला होता, आणि पुढे तापीत बुडाला.

“बुरशी चढनी शे, नजीरभाई. पुशी द्या,” त्या म्हणाल्या आणि बाजाराला गेल्या.

नजीरने सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवला. बुरशी निघाली, पण बोळा काळा झाला आणि बोटांना ओळखीचा चिकटपणा लागला. तबकडीही लाखेचीच होती. तिच्यावरच्या, गाणं कोरलेल्या बारीक रेषा विरघळून सपाट झाल्या होत्या.

वत्सलाबाई परतल्या तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितलं, “मन्हा हातथून चूक हुई गयी, बाई. आते ही वाजाव नही.”

त्या रागावल्या नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसून हलकेच भावाचं गाणं म्हणू लागल्या. दुसऱ्या ओळीला अडखळल्या आणि नजीरकडे पाहत राहिल्या. त्याला पुढचे शब्द सांगता येईनात. त्याने ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं.